पंख की पाय

सासूबाईंकडे मी पहिल्यांदा अंडी मागितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "उकडायला का आमलेटाला?"

"कॉलेजात न्यायचीत आत्या. प्रयोगाला."

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी खुराड्यात हात घालून अंडी काढली, पदराला पुसली आणि माझ्या डब्यात ठेवत म्हणाल्या, "मंग परयोग झाल्यावर पोरं तितंच खानार व्हय?"

मी हसले आणि निघाले. त्या दिवशी समजावून सांगायला वेळ नव्हता. खरं तर कुठून सुरुवात करावी हेही कळत नव्हतं.

आम्ही हिंजवडीजवळच्या जांबे गावात राहतो. पुढच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांचे मजले, त्यांत हिंजवडीत कामाला जाणारी पोरंपोरी, आणि मागे, जिथे पूर्वी गोठा होता तिथे, आत्यांच्या कोंबड्या. नवरा कंपनीची कॅब चालवतो. मी पौडच्या अलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रोज स्कूटरवर माण, घोटावडे करत जाते आणि तशीच परत येते.

तिसऱ्या वर्षाला भ्रूणविज्ञानाचा एक धडा आहे. सुरुवातीला सगळ्या पेशी जवळजवळ सारख्या असतात, मग त्यातली एक हाडाची होते, एक कातडीची, एक स्नायूची. याला विभेदन म्हणतात. कोणी काय व्हायचं हे ठरताना शेजारच्या पेशी काही प्रथिनं सोडतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. हे मी दरवर्षी शिकवते. दरवर्षी फळ्यावर कोंबडीच्या भ्रूणाची आकृती काढते, पुढे पंख जिथे फुटणार तिथे एक फुगवटा, मागे पाय फुटणार तिथे दुसरा, आणि मधल्या कुशीत एक छोटा गोल. तो गोल म्हणजे मणी. असल्या प्रथिनात भिजवलेला बारीकसा मणी कुशीत बसवला, की जिथे काहीच फुटायचं नव्हतं तिथे एक जादा अवयव फुटतो. संशोधकांनी हे फार पूर्वी करून दाखवलंय, नवीन काही नाही. पण मी हे इतक्यांदा फळ्यावर काढलं होतं आणि मणी कधी हातात धरला नव्हता.

मग माझ्या एम.एस्सी.च्या मॅडमचा फोन आला. त्या पुण्यातल्या संस्थेतून निवृत्त होत होत्या आणि प्रयोगशाळेतला फ्रीज रिकामा करत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे त्या मण्यांची एक कुपी उरलीय आणि थोडा ग्रोथ फॅक्टरही आहे. तुला काही उपयोग..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हणाले.

बर्फ भरलेल्या थर्मासमधून ती करंगळीएवढी कुपी मी घेऊन आले, तेव्हा चांदणी चौकातल्या गर्दीत मी स्कूटरवर एकटीच गाणं म्हणत होते. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी थांबले नाही. प्राचार्यांनी परवानगी दिली. मुलांनी जुनं उबवणीचं यंत्र पुसून काढलं, त्याचा पंखा चालू केला, तापमान बसवलं. आता फक्त अंडी हवी होती, आणि तीही दुकानातली नाहीत. दुकानातली अंडी कोंबड्याशिवाय घातलेली असतात, त्यात जीव धरत नाही. आत्यांच्या कोंबड्यांत एक तांबडा, तोऱ्यात चालणारा कोंबडा होता. प्रश्नच नव्हता.

आणि तरीही पहिली सगळी अंडी वाया गेली.

दोन दिवस उबवून आम्ही ती टॉर्चपुढे धरली. आत जाळं दिसायला हवं होतं, रक्तवाहिन्यांचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. काही नाही. नुसता पिवळा उजेड. दुसऱ्या खेपेला एकात काहीतरी लाल ठिपका दिसला आणि तोही विरून गेला. मुलांनी कोंबड्यावर संशय घेतला. मी घरी येऊन त्या कोंबड्याकडे जरा वेळ बघत उभी राहिले, तर आत्या म्हणाल्या, "त्येच्याकडं काय बघतीस? मागल्या म्हैन्यात पिल्लांची रांग लागली हुती हितं."

मग मी मॅडमना फोन केला.

"अंडी नेतेस कशी?" त्यांनी विचारलं.

"स्कूटरच्या डिकीत. भरपूर कापूस घालून."

मग त्या म्हणाल्या, "हिंजवडीतून? त्या रस्त्याने?"

झालं होतं ते एवढंच. खड्ड्यांतून गदगदा हलत अंडी जायची आणि बलकावरचा तो नाजूक ठिपका, ज्यातून सगळं घडायचं असतं, तो सुरुवातीलाच खलास व्हायचा. मॅडम म्हणाल्या, अंडी कुणाच्या तरी मांडीवर ठेवून ने, आणि पोचल्यावर एक दिवस शांत ठेव, मगच उबवायला घाल.

मी घरी हे सांगितलं तर आत्या लगेच म्हणाल्या, "मी धरते की."

सकाळची शिफ्ट सोडून नवरा कॅब घेऊन आला. आत्यांनी दुरडीत भाताचं तूस भरलं, त्यात अंडी उभी खोचली, मागच्या सीटवर उशी घेतली, उशीवर दुरडी आणि दुरडीभोवती दोन्ही हात. एखाद्या बाळंतिणीला घरी आणावं तशी आमची गाडी निघाली. मेट्रोच्या खांबांखालून आम्ही इतक्या हळू चाललो होतो की दुचाकीवाले आत डोकावून बघून जायचे. एका चौकात वाहतुकीची शिट्टी वाजवणारा माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "गाडी बिघडलीय का?"

"न्हाई," आत्या मागून म्हणाल्या, "अंडी हायेत."

त्याने हात करून गाडी पुढे सोडली. नवऱ्याला मात्र हसू आवरेना. खड्डा आला की आत्या दुरडी मांडीवरून उचलून हवेत धरायच्या आणि खड्डा गेला की खाली ठेवायच्या. माणपासून घोटावड्यापर्यंत त्यांनी हे केलं. घोटावड्यानंतर रस्ता जरा बरा होता, तिथे त्यांनी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं.

कॉलेजात दुरडी टेबलावर ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "आता दाखव की काय ते."

"आता काही दिसणार नाही आत्या. तीन-चार दिवसांनी."

"मंग मी येते चार दिसांनी."

मला वाटलं बोलण्यात बोलल्या असतील. पण चौथ्या दिवशी मी तास घेऊन बाहेर आले तर प्रयोगशाळेच्या दारात आत्या. दोन बस बदलून आल्या होत्या. पिशवीत भाकरी, ठेचा, आणि वर्गातल्या मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू. मुलं त्यांच्याभोवती जमली. आणि मी नशीबवान होते, कारण त्याच सकाळी टॉर्चपुढे जवळजवळ प्रत्येक अंड्यात जाळं दिसलं होतं.

मी अंडं आडवं ठेवलं. सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो. मग बारीक कात्रीने वरच्या बाजूला खिडकी कापली. आत पिवळ्यावर लाल जाळं पसरलेलं आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं, वाकलेलं, पारदर्शक काहीतरी.

"बघा," मी म्हणाले आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला आणला.

आत्यांनी आधी एक डोळा मिटला. मी सांगितलं, दोन्ही उघडे ठेवा. त्या वाकल्या. मग बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं दिसत नाहीये, म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"ह्ये काय हालतंया?"

"काळीज."

"एवढं?"

"एवढंच असतं. आत्ताच सुरू झालंय."

त्या पुन्हा वाकल्या. सूक्ष्मदर्शकाचा उजेड त्यांच्या नाकावरच्या चमकीवर पडला होता. एक मुलगी मला हळूच म्हणाली, मॅडम, आम्ही पण पहिल्यांदाच बघतोय. मी तिला सांगितलं नाही की खिडकीतून जिवंत हृदय मीही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं होतं.

आत्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "आन पाय कुटं हायेत?"

"अजून फुटले नाहीत. हे बघा, इथे पंख येणार, इथे पाय."

"हितं पंख आन हितं पाय, ह्ये त्येला कोन सांगतं?"

त्यांनी हे सहज विचारलं, बाजारात भाव विचारावा तसं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जाणवलं की मी वर्षानुवर्षं या प्रश्नाचं उत्तर देतेय पण हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मुलं नोट्स घ्यायची, परीक्षेत लिहायची. कोण सांगतं, असं विचारलं नव्हतं कुणी.

मग मी स्टूल ओढलं आणि सांगायला लागले. त्या पेशींमध्ये आपसात निरोप जातात. एक पेशी प्रथिन सोडते, शेजारची ते ओळखते आणि वाढायला लागते. हा जो मणी आहे ना, खसखशीपेक्षा बारीक, तो आपण त्या निरोपात भिजवलाय. तो पंख आणि पायाच्या मध्ये ठेवायचा. इथल्या पेशी खरं तर पोटाची बाजू होणार. साधं मांस, साधी कातडी. पण त्यांना मण्यातून निरोप मिळाला तर त्या अवयव करायला घेतील.

"पंख का पाय?"

"तेच तर बघायचंय. मण्यात फक्त 'वाढ' एवढाच निरोप आहे. पंख व्हायचं की पाय, हे त्या पेशी कुठे उभ्या आहेत त्यावर ठरतं. पंखाच्या जवळ असल्या तर पंख, पायाच्या जवळ असल्या तर पाय."

"मंग तू कुटं ठेवनार?"

"पंखाच्या बाजूला जरा. पंख येईल."

आत्यांनी अंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाय येईल," त्या म्हणाल्या.

"का?"

"कोंबडीला पंखाचा काय उपेग? उडती का ती?"

सगळा वर्ग हसला. मुलांनी लगेच दोन गट पाडले. फळ्याच्या कोपऱ्यात एकीने पंख आणि पाय अशी दोन नावं लिहून खाली ज्याची त्याची सही घेतली. आत्यांनी पायाखाली मोठ्या अक्षरात सही केली. हरणाऱ्याने महिनाभर खुराडं साफ करायचं असं ठरलं, आणि हे ठरवताना मुलांनी मला विचारलंच नाही.

त्यानंतर एक गोष्ट झाली ती मला नीट आठवते. आत्यांनी विचारलं, "तीन पायाचं पिल्लू भाईर आलं तर त्येचं काय?"

"बाहेर येऊ देत नाही. आधीच थांबवतो."

त्यांनी अंड्याच्या खिडकीकडे पुन्हा एकदा पाहिलं. कोंबडी आमच्या घरात शिजते, त्यामुळे तसं काही त्यांना वावगं वाटलं नसावं, पण आत्ताच त्यांनी ते काळीज पाहिलं होतं. पिशवी उचलताना म्हणाल्या, "अंडी देईन मी. पर ती तुरेवाली बसलीया, तिची न्हाई देनार. तिला पिल्लं पायजेत." मी बरं म्हटलं. तुरेवालीच्या अंड्यांना मी कधी हात लावला नाही.

मणी बसवायचं काम मी दुपारी केलं. टोकदार तारेने भ्रूणावरचा पापुद्रा किंचित फाडायचा, कुशीत बारीक चीर पाडायची, चिमट्याच्या टोकावर मणी घ्यायचा आणि त्यात ढकलायचा. पहिला मणी बलकात बुडाला. दुसरा चिमट्याला चिकटून वर आला. एक भ्रूण मी फाडलाच. मग एकदा मणी जागेवर बसला. काही अंड्यांत नुसत्या खारट पाण्यात भिजवलेला मणी ठेवला, म्हणजे जे घडेल ते मण्यामुळे की प्रथिनामुळे हे कळेल. खिडक्यांवर चिकटपट्टी लावली आणि अंडी पुन्हा उबेत गेली.

पुढचे दिवस मी कॉलेजात सगळ्यात आधी पोचायचे. शिपायाला किल्ली मागायची, तो म्हणायचा, "मॅडम, अंडी पळून नाही जात." घरी आत्या जेवताना विचारायच्या, "फुटलं का काय?" नवरा म्हणायचा, माझ्या कॅबमधली पोरंही विचारायला लागलीत, मी त्यांना सांगून ठेवलंय.

काही अंडी मेली. जाळं फिकट झालं, काळीज थांबलं. एकेक बाजूला काढताना वाईट वाटायचं. खारट पाण्याच्या मण्यांची अंडी मजेत वाढत होती, पंखाचा कोंब, पायाचा कोंब, मध्ये सपाट. प्रथिनाच्या मण्यांची सुद्धा तशीच सपाट दिसत होती आणि मला वाटायला लागलं की कुपी जुनी झाली असेल, प्रवासात बर्फ वितळला असेल.

मग एका सकाळी मी एक चिकटपट्टी वर केली. पंखाचा कोंब होता. पायाचा होता. आणि मध्ये, मण्याच्या शेजारी, एक तिसरा उंचवटा. इतका छोटा की मी दिवा दोनदा हलवून पाहिला, सावली तर नाही ना. सावली नव्हती. गोलसर, चकचकीत, इतर दोघांसारखाच, फक्त तिथे असायला नको होता.

मी अंडं परत ठेवलं, झाकण लावलं आणि व्हरांड्यातून पळत सुटले. चाळिशीची बाई, साडी नेसलेली, गणिताच्या वर्गासमोरून पळत गेले आणि माझी मुलं कॅन्टीनमध्ये बसली होती त्यांना नुसतं "या" म्हणाले. त्यांनी चहा तसाच टाकला.

दुसऱ्या दिवशी अजून एका अंड्यात तसाच कोंब दिसला. तो नंतर टिकला नाही. पण पहिला वाढत गेला. लांब झाला, वाकला, टोकाला वल्ह्यासारखा चपटा झाला. रोज मी त्याचं चित्र काढायचे आणि रोज कालचं चित्र खोटं पडायचं. पंख आणि पाय कोवळेपणी जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे मुलांची भांडणं जोरात होती. मी पंखावर ठाम होते.

शेवटी तो भ्रूण बाहेर काढायची वेळ झाली. मी तो स्वतः काढला, मुलांना लांब उभं केलं. मग त्याला निळ्या रंगात ठेवलं. हा रंग फक्त कूर्चेला धरतो, म्हणजे जे पुढे हाड होणार असतं त्याला. बाकीचं मांस नंतर द्रावणात हळूहळू काचेसारखं होतं. यात घाई चालत नाही. रोज द्रावण बदलायचं, रोज तो जरा अधिक पारदर्शक व्हायचा, आणि आतून निळा सांगाडा वर येत जायचा. मान, मणके, फासळ्या. फासळ्यांच्या मागे, कुशीत, एक मांडीचं हाड. त्याच्या पुढे नडगी. आणि नडगीच्या टोकाला बोटं.

बोटं मी मोजली. मग मुलांना मोजायला लावली. कोंबडीच्या पंखाला तीन बोटं असतात आणि पायाला चार.

"चार," ती फळ्यावर सह्या घेणारी मुलगी म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. चार होती. मणी माझ्या हातून थोडा मागे सरकला असणार, पायाच्या बाजूला. जिथे नुसतं पोटाचं मांस व्हायचं होतं तिथे मांडी होती, नडगी होती, सांधे होते, चार बोटं होती, आणि ती सगळी कुणीतरी शिकवल्यासारखी आपापल्या जागी होती. एकच गोष्ट वेगळी. बोटांचा क्रम उलटा होता, जी बाहेर असायला हवी ती आत. उजव्या पायात डाव्याची चप्पल घातल्यासारखा. पुस्तकात हेही लिहिलेलं आहे, मी वाचलंही होतं. पण पुस्तकात वाचलेलं उलटं बोट आणि आपल्या अंड्यातलं उलटं बोट यात मला तेव्हा फार फरक वाटला.

मी मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "हे तू केलंस? पौडला?"

"हो."

"थांब," त्या म्हणाल्या, "चष्मा घेते." मग चष्मा घेऊन त्या परत आल्या आणि आम्ही त्या एका पायावर इतकं बोललो की माझा पुढचा तास बुडाला. त्यांनी विचारलं मणी कुठे होता, किती आत होता, कोवळ्या भ्रूणाचं वय काय, खारट पाण्याच्या अंड्यांचं काय झालं. मला त्यांच्या प्रश्नांची उत्तरं येत होती. एम.एस्सी.त असताना येत नव्हती.

तो नमुना मी एका काचेच्या बाटलीत ग्लिसरीनमध्ये ठेवून घरी नेला. या वेळी डिकीत नाही, पोटाशी धरलेल्या पिशवीत. आत्या खोल्यांच्या जिन्याखाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि मागून मोबाईलचा उजेड धरला. निळा सांगाडा उजळला.

आत्यांनी बाटली फिरवली. "एक, दोन," त्यांनी पाय मोजले. मग बोट काचेवर टेकवून म्हणाल्या, "ह्यो व्हय?"

"हो. पाय आहे. तुम्ही जिंकलात."

"म्यां म्हनलं न्हवतं का?" त्यांचा चेहरा उजळला, मग त्या पुन्हा बाटलीकडे वळल्या. "त्या मन्यानं सांगितलं म्हनून?"

"मण्याने 'वाढ' एवढंच सांगितलं. पाय व्हायचं त्यांचं त्यांनी ठरवलं, जिथे होत्या तिथून."

"आन मनी पुढं सरकला असता तर?"

"तर पंख झाला असता."

"मंग पुढच्या टायमाला पुढं ठेव," त्या म्हणाल्या. "दोन्ही बगू."

पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मुली कामावरून येत होत्या. आत्यांनी त्यांना थांबवलं आणि बाटली दाखवून आपल्या भाषेत सगळं सांगायला लागल्या. त्या मुलींना मराठी जेमतेम येत होतं. एकीने हिंदीत विचारलं, "ये असली है?" आत्या म्हणाल्या, "हमारेच मुर्गी का है."

महिनाभर खुराडं मी साफ केलं. आत्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कोपरा राहिला की दाखवायच्या.

मॅडम पावसाळा संपल्यावर पौडला आल्या. नमुना त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि मग मला विचारलं, पीएच.डी. का नाही केलीस. मी कारणं सांगितली, लग्न, नोकरी, अंतर. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "आता?" मी नाव नोंदवलंय. विषय हाच आहे, मणी किती सरकला की पाय संपतो आणि पंख सुरू होतो. वर्गातली दोन मुलं मदतीला येतात. दर पंधरवड्याला सकाळची शिफ्ट आटोपून कॅब येते, आत्या मागे बसतात, उशीवर दुरडी, दुरडीत तूस, आणि घोटावड्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती हवेत उचलली जाते. मागच्या खेपेच्या एका अंड्यात कुशीत पुन्हा कोंब आलाय. यावेळी मणी पुढे आहे. अजून चपटा झालेला नाही, काहीच सांगता येत नाही.